स्कुबानंतर एका कानाने ऐकू येईनासं झालं आणि चक्कर थांबेना, तर काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मालवणला पहिल्यांदाच स्कुबा डायव्हिंग केलं. आदल्या दिवसापासून थोडी सर्दी होती. खाली जाताना उजवा कान दुखू लागला, म्हणून मास्कवरून नाक चिमटीत धरून जोरात हवा फुंकली आणि कानात ‘फट्’ असा आवाज झाला. वर आल्यावर बोटीतच सगळं गरगरायला लागलं, उलट्या झाल्या. आज तिसरा दिवस. पुण्याला घरी परतलोय. गरगरणं कमी झालंय, पण चालताना तोल उजवीकडे जातो, उजव्या कानात सतत शिट्टी वाजते आणि त्या कानाला फोन लावला तर शब्द कळत नाहीत. केमिस्टने मळ सुटण्याचे थेंब दिलेत. आठवडाभर वाट पाहावी का?

नाही. आजच्या आज कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, आणि जिथे ऑडिओमेट्रीची (ऐकण्याची क्षमता मोजणाऱ्या चाचणीची) सोय आहे अशाच ठिकाणी जा. थेंब बंद करा. मळाने किंवा कानात राहिलेल्या पाण्याने कान बंद होतो, पण दोन दिवस तोल जात नाही आणि उलट्या होत नाहीत. दाब बदलल्यावर किंवा मार लागल्यावर एका कानाचं ऐकणं गेलं आणि सोबत चक्कर आली, तर आतल्या कानाला इजा झाली असंच धरून चालायचं. तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत उपचार त्याच दिशेने करायचे.

मधल्या कानाला दडा बसला आहे की आतला कान दुखावला आहे, याचा पहिला अंदाज घरीच घेता येतो. ओठ मिटा आणि खालच्या पट्टीत ‘म्म्म्’ असं गुणगुणा. आवाज बंद वाटणाऱ्या कानात जास्त घुमला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात जास्त ऐकू आला, तर आतला कान किंवा त्याची नस गेली असण्याची शक्यता जास्त. डॉक्टर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवून हेच अधिक नेमकेपणाने पाहतात. दोन मिनिटांची ही तपासणी कुठल्याही दवाखान्यात होऊ शकते. ती न करता ‘कान बसलाय, सर्दी उतरली की उघडेल’ असं सांगून परत पाठवलं, तर दुसरा डॉक्टर गाठा. गुणगुणण्याचं उत्तर काहीही आलं तरी तपासणी टाळू नका, कारण डायव्हिंगमध्ये मधला आणि आतला कान एकाच वेळी दुखावलेला असू शकतो आणि मग आवाज कुठल्या बाजूला जातो याचा भरवसा राहत नाही.

‘मी तर फार खोल गेलोच नव्हतो’ असं बहुतेकांना वाटतं, पण कानाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचं पाणी पृष्ठभागाजवळचंच असतं. दहा मीटरवर एकूण दाब दुप्पट होतो, म्हणजे हवेच्या आकारमानातला सगळ्यात मोठा बदल पहिल्या काही मीटरांतच होतो. मधल्या कानातली हवा आक्रसते आणि ती भरून काढायला घशाकडून येणारी युस्टेशियन नळी उघडावी लागते. सर्दीमुळे नळीचं तोंड सुजलेलं असेल तर ती उघडत नाही. बाहेरचा आणि आतला दाब यांतला फरक सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका झाला की नळी जणू कुलूपबंद होते. मग कितीही जोर केला तरी ती उघडत नाही. एवढा फरक पडायला जेमतेम १.२ मीटर पाणी पुरतं.

या अवस्थेत कानाचा पडदा आत ओढला जातो. त्याला जोडलेली हातोडा, ऐरण आणि रिकीब ही हाडं आत दाबली जातात, आणि रिकिबीचा तळ लंबगोल खिडकीतून आतल्या कानाच्या द्रवावर दाब देतो. तो द्रव दुसरीकडून, म्हणजे गोल खिडकीच्या पातळ पडद्यातून, मधल्या कानाकडे फुगून येतो. गोल खिडकीचा हा पडदा साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. अशा ताणलेल्या स्थितीत नाक दाबून छातीतून जोर लावला की डोक्यातल्या द्रवाचा दाब वाढतो. एका अरुंद हाडी नलिकेतून तो आतल्या कानापर्यंत पोचतो आणि तो पडदा आतून बाहेर फाटू शकतो. उलटंही घडतं: नळी अचानक उघडली तर हवेचा झोत मधल्या कानात घुसतो आणि खिडकी बाहेरून आत फाटते. कानाचे अमेरिकन तज्ज्ञ व्हिक्टर गुडहिल यांनी १९७१मध्ये या दोन्ही वाटा मांडल्या, आणि आजही डायव्हरच्या कानाचा विचार याच चौकटीत होतो. खिडकी फाटली की आतल्या कानातला द्रव मधल्या कानात झिरपू लागतो. याला पेरिलिम्फ फिस्टुला म्हणतात. कधी खिडकी शाबूत राहते, पण कर्णावर्ताच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या ऐकण्याच्या अवयवाच्या, आतले पडदे फाटतात किंवा तिथे रक्तस्राव होतो. लक्षणं जवळपास सारखीच असतात.

तुमच्या प्रश्नात हवा फुंकण्याचा जोर आणि ‘फट्’ एकत्र आले आहेत, म्हणून फिस्टुलाची शंका ठाम घ्यायला हवी. तपासणी होईपर्यंत आणि नंतरही काही आठवडे डोक्यातला व मधल्या कानातला दाब वाढेल असं काहीही करायचं नाही. नाक शिंकरायचं नाही, वाहिलं तर पुसायचं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, दाबायची नाही. कान ‘उघडण्यासाठी’ नाक धरून पुन्हा फुंकून बघायचं नाही. हा मोह फार होतो, आणि भरत आलेली खिडकी त्यानेच परत फाटते. पाण्याची बादली, सिलिंडर, लहान मूल उचलायचं नाही. कुंथावं लागू नये म्हणून इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं सौम्य रेचक आधीपासूनच घ्यायचं, आणि शक्यतो कमोड वापरायचा. झोपताना डोकं सुमारे ३० अंश वर राहील अशा उशा घ्यायच्या. कपालभाती, भस्त्रिका, जलनेती, शीर्षासन पूर्ण बंद. ‘श्वासाचेच तर व्यायाम आहेत’ म्हणून लोक हे सुरू ठेवतात, आणि नेमकं तेच इथे घातक ठरतं. खोकला असेल तर त्याचं औषध मागून घ्या.

कानात काहीही घालायचं नाही: थेंब नाहीत, लसूण घालून कढवलेलं तेल नाही, पाणी नाही. पडद्याला भोक पडलेलं असेल तर मळ सुटण्याच्या थेंबांतली द्रव्यं मधल्या कानात उतरून जळजळ आणि चक्कर वाढवतात. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब तर आतल्या कानाला विषारी ठरू शकतात. कान पिचकारीने धुवायचाही नाही.

विमानप्रवास बंद. केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. घाटाचंही थोडं असंच आहे. आंबोलीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे आठ टक्के कमी असतो, म्हणजे साधारण पाऊण मीटर पाण्याचा फरक. तुम्ही घाट चढून आलात ते होऊन गेलं. पण हे वाचणारं कुणी अजून मालवणात असेल, तर त्यांनी घाट न चढता किनाऱ्याच्या रस्त्याने गोव्यातलं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गाठणं जास्त शहाणपणाचं.

दवाखान्यात आधी दुर्बिणीने पडदा पाहतील. पडदा लाल, रक्ताळलेला किंवा फाटलेला असू शकतो. अगदी स्वच्छ, निरोगीही दिसू शकतो. पडदा चांगला दिसला म्हणजे आतला कान चांगला, असा निष्कर्ष कुणी काढू नये. खरं उत्तर प्युअर टोन ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऑडिओमेट्रीच्या आलेखात, मिळतं, आणि तिथेच एक चूक वारंवार होते. हेडफोनने दिलेला मोठा आवाज कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानापर्यंत जातो. हाडावर ठेवलेल्या कंपकाचा आवाज तर जवळजवळ पूर्णच जातो. त्यामुळे चांगल्या कानाला मास्किंगचा, म्हणजे त्याला गुंतवून ठेवणारा, आवाज न देता चाचणी केली, तर पूर्ण गेलेला कानही ५०-६० डेसिबलचा दिसतो आणि हाडातून ऐकणं नॉर्मल दिसतं. कागदावर तो मधल्या कानाचा दोष वाटतो, सर्दीच्या गोळ्या लिहिल्या जातात आणि उपचाराचे सगळ्यात मोलाचे दिवस निघून जातात. म्हणून रिपोर्ट हातात आला की ‘हाडाची चाचणी मास्किंग करून केली का?’ एवढा एकच प्रश्न विचारा.

फिस्टुलाची शंका असताना टिंपॅनोमेट्री (पडद्याची हालचाल मोजणारी चाचणी) पुढे ढकलावी, कारण त्या चाचणीत कानात मुद्दाम दाब वाढवतात आणि कमी करतात. कानात दाब देऊन डोळे थरथरतात का, चक्कर येते का, हे पाहणारी फिस्टुला टेस्ट तज्ज्ञाने अगदी हलक्या हाताने केली तर चालते. ती नकारात्मक आली तरी फिस्टुला नाकारता येत नाही. कानाच्या हाडाचा एचआरसीटी (बारीक छेदांचा सीटी स्कॅन) काढावा. आतल्या कानाच्या पोकळीत हवेचा बुडबुडा दिसला, तर शंकेला जागाच उरत नाही. तो दिसला नाही तरी निदान रद्द होत नाही. याच सीटीवर वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड जन्मतः विरळ आहे का हेही कळतं, कारण त्या विकाराची लक्षणं फिस्टुलासारखीच असतात आणि शस्त्रक्रिया मात्र वेगळी असते.

डायव्हिंगनंतर आणखी एक शक्यता नीट तपासावी लागते: आतल्या कानातला डीकम्प्रेशन सिकनेस, म्हणजे वर येताना दाब उतरल्याने शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होणं. त्यात वर आल्यानंतर काही वेळाने चक्कर सुरू होते, खाली जाताना कान दुखलेला नसतो, आणि डाइव्ह बहुधा खोल किंवा लांबलेली असते. त्याला दाबकक्षात पुन्हा दाब देणं हाच उपचार. फिस्टुला असलेल्या कानाला मात्र तोच दाबकक्ष आणखी इजा करू शकतो. सहा-आठ मीटरवरच्या थोड्या वेळाच्या पर्यटक-डाइव्हमध्ये, आणि तेही उतरतानाच कान दुखला असताना, डीकम्प्रेशनची शक्यता फारच कमी. म्हणून डॉक्टरांना खोली, वेळ, दुखणं उतरताना की चढताना, आणि चक्कर नेमकी केव्हा सुरू झाली, हे चारही तपशील न विचारता सांगा.

आता उपचार. ७२ तासांच्या आत, सलग तीन फ्रीक्वेन्सींवर किमान ३० डेसिबलने ऐकणं घटलं, तर त्याला अचानक आलेला संवेदी (आतल्या कानाचा किंवा नसेचा) बहिरेपणा म्हणतात. कारण सापडत नाही अशा बहिरेपणात स्टेरॉइड दोन आठवड्यांच्या आत सुरू करण्याचा पर्याय अमेरिकन अकॅडमी ऑफ ओटोलॅरिंगॉलॉजीच्या २०१९च्या मार्गदर्शिकेत दिला आहे. नेहमीची मात्रा म्हणजे प्रेडनिसोलोन वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, सकाळी एकदाच, १० ते १४ दिवस आणि मग हळूहळू कमी करत बंद. दाबाने झालेल्या इजेत स्टेरॉइडचा पुरावा तुलनेने तुटपुंजा आहे. तरी मनाई नसेल तर ते द्यावं असं माझं मत आहे, कारण गमावण्यासारखं थोडं आणि वेळ मर्यादित. मनाई मात्र खरी असते: अनियंत्रित मधुमेह, क्षयरोग, पोटातला व्रण, काचबिंदू. हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका. मधुमेह असणाऱ्यांना पडद्यातून थेट मधल्या कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. साधारण अर्धा मिली औषध घालून तो कान वर ठेवून १५ ते ३० मिनिटं पडून राहायचं, आणि असे तीन-चार डोस दोन आठवड्यांत. पडदा फाटलेला असेल किंवा फिस्टुलाची दाट शंका असेल, तर हे इंजेक्शन केव्हा द्यायचं ते तज्ज्ञच ठरवतील.

नुसत्या बीटाहिस्टीन, बी-ट्वेल्व्ह आणि ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्यांवर घरी पाठवलं, तर ऐकणं परत येण्याच्या दृष्टीने काहीच उपचार झाला नाही असं समजा.

फिस्टुलासाठी पहिले पाच ते दहा दिवस वर सांगितलेली विश्रांती आणि दर दोन-तीन दिवसांनी ऑडिओग्राम. पुष्कळ खिडक्या अशाच भरून येतात. ऐकणं उतरतच गेलं, चक्कर हटेना किंवा सीटीत बुडबुडा दिसला, तर पडदा उचलून मधला कान पाहतात आणि गोल व लंबगोल अशा दोन्ही खिडक्यांवर स्नायूवरच्या आवरणाचा किंवा कानाच्या पाळीतल्या चरबीचा लहान तुकडा बसवतात. सुरुवातीलाच कान पूर्ण गेला असेल आणि गरगरणं जबर असेल, तर काही सर्जन दहा दिवस न थांबता लवकर उघडतात. ते बरोबरच आहे. या शस्त्रक्रियेने चक्कर बहुधा थांबते. ऐकणं परत येण्याची खात्री तेवढी नसते, आणि हे टेबलवर जाण्याआधीच माहीत असावं.

चक्करीबद्दल घाबरवून टाकणारी गोष्ट म्हणजे पहिले दोन-तीन दिवस. एका बाजूचा तोलाचा अवयव गप्प झाला की मेंदूला डोकं सतत फिरतंय असा निरोप मिळतो. डोळे निरोगी बाजूकडे झटके देत थरथरतात आणि शरीर दुखावलेल्या बाजूला कलतं. तुमचा तोल उजवीकडे जातो तो यामुळेच. हळूहळू मेंदू या असमतोलाची सवय करून घेतो. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारखी चक्करीची औषधं उलट्या थांबवायला पहिले दोन-तीन दिवस ठीक. त्यापुढे ती मेंदूची ही जुळवाजुळव लांबवतात. महिनोन्‌महिने चक्करीची गोळी घेत राहणारे आणि तरीही चक्कर न जाणारे रुग्ण बहुतेकदा या गोळीतच अडकलेले असतात.

फिस्टुला भरला असं डॉक्टरांनी सांगितलं की तोलाचे व्यायाम सुरू करा, त्याआधी नको. हात लांब करून अंगठ्याच्या नखावर नजर रोखा आणि नख धूसर होणार नाही इतक्या वेगाने डोकं डावी-उजवीकडे हलवा, एक ते दोन मिनिटं, दिवसातून तीन ते पाच वेळा. थोडं गरगरलं तर व्यायाम काम करतोय. अंधारात, ओल्या बाथरूममध्ये आणि जिन्यावर काही आठवडे सांभाळा. दुचाकी चालवू नका आणि एकट्याने पोहू नका, कारण पाण्याखाली वर-खाली कुठलं हेच कळेनासं होऊ शकतं.

नंतर कधी फक्त अंथरुणात कूस बदलताना मिनिटभराच्या आत थांबणारी भिरभिर आली, तर ती बहुधा जागेवरून सुटलेल्या सूक्ष्म खड्यांची चक्कर असते. इजा झालेल्या कानात ती नेहमीपेक्षा जास्त दिसते, आणि एपलीच्या प्रक्रियेने, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे जागी नेण्याने, दवाखान्यात बरी होते. त्या चक्करीने ऐकणं मात्र जात नाही. ऐकणं गेलं असेल तर त्याचं कारण वेगळंच शोधावं लागतं.

दुहेरी दिसणं, जीभ जड होणं, चेहऱ्याची किंवा हातापायाची एक बाजू लुळी पडणं, आधाराशिवाय बसताही न येणं, वाढत जाणारी गुंगी, मानेत अचानक तीव्र कळ: यातलं काहीही असेल तर कानाचा दवाखाना सोडून थेट इमर्जन्सीत जा. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी मेंदूच्या धमनीचीच फांदी आहे, म्हणून काही पक्षाघात अचानक बहिरेपणा आणि चक्कर यांनीच सुरू होतात. रक्तदाब, मधुमेह असलेल्या वयस्कर माणसात हे पहिल्यांदा नाकारावं लागतं.

डायव्हिंग न करताही आतला कान असाच जातो. दुचाकीवरून पडून डोकं आपटलं आणि कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव आला, तर कवटीच्या तळाच्या हाडाला भेग असू शकते. कानात कापूस कोंबू नका, बाहेर स्वच्छ गॉझ ठेवा. ऑटिक कॅप्सूल, म्हणजे आतल्या कानाभोवतीचं कठीण कवच, तडकलं तर तो कान बहुधा कायमचा जातो. शिवाय हे कवच पुन्हा हाडाने नीट सांधत नाही, तिथे फक्त तंतूंचा जोड बनतो. त्यामुळे कानाच्या साध्या संसर्गातूनही मेंदूज्वर होण्याचा धोका अनेक वर्षं राहतो. न्यूमोकोकसची लस घ्या, आणि तापासोबत मान ताठरली तर तासभरही थांबू नका.

कान कोरताना धक्का लागून बड, काडी किंवा पिन आत घुसली आणि त्याच क्षणी गरगरलं, तर रिकीब आत ढकलली गेली असू शकते. ही तातडीची शस्त्रक्रिया असते. कानाखाली बसलेल्या जोरदार थपडेने पडदा फाटणं नेहमीचं, पण चक्करही आली तर आतला कान पाहायलाच हवा. मारहाणीत झालेल्या इजेची नोंद मेडिको-लीगल केस म्हणून करून घ्या. कोणत्याही एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६नुसार गंभीर दुखापत आहे. तारखेसह ऑडिओग्राम आणि शंका घेतली जाऊ नये म्हणून बेरा चाचणी (आवाजाला नस आणि मेंदू देतात तो विद्युत प्रतिसाद मोजणारी), हे दोन कागद जपून ठेवा.

उपचार संपल्यावर एक ऑडिओग्राम आणि सहा महिन्यांच्या आत आणखी एक, एवढं किमान करा. काही महिन्यांनंतरही कान गेलेलाच राहिला, तर पलीकडच्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारं क्रॉस यंत्र, हाडातून आवाज देणारं यंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (कर्णावर्तात बसवलेल्या इलेक्ट्रोडने नसेला थेट संदेश देणारं यंत्र) असे पर्याय आहेत. इम्प्लांटचा विचार असेल तर एमआरआय लवकर काढा, कारण दुखावलेल्या कर्णावर्तात हाड भरत गेलं की इलेक्ट्रोड आत जात नाही. चांगल्या कानाची काळजी आता दुप्पट घ्यायची: ढोल-ताशा पथकात, डीजेजवळ आणि फटाक्यांच्या दिवसांत इअरप्लग.

पुन्हा डायव्हिंग करता येईल का, हेही तुम्ही आज ना उद्या विचाराल. ऐकणं अर्धवट राहिलं असेल किंवा तोल पुरता सावरला नसेल, तर कधीच नाही. सगळं पूर्ववत झालं तरी निदान सहा महिने थांबून डायव्हिंगची माहिती असलेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाचा सल्ला घ्या. आणि तुमच्याबरोबरचे जे पुढच्या वर्षी जाणार असतील, त्यांना सांगा: सर्दी असेल तर उतरू नका. दुखण्याची वाट न पाहता दर अर्ध्या मीटरला कान हलकेच मोकळे करा. कान उघडला नाही तर इन्स्ट्रक्टरला खूण करून मीटरभर वर या, आणि तरीही उघडला नाही तर पाण्याबाहेर या.